आधी बोट, मग कान

४ जून

प्रिय बाई,

नऊ वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नका. कोणी गेलेलं नाही आणि मला कुठे वशिलाही नको आहे. तुमचा पत्ता साहेबांच्या जुन्या वहीत होता, तो वाचकबुवांनी मला वाचून दाखवला. अजून भावाकडेच राहता ना? पत्र मुद्दाम ब्रेलमध्ये लिहिते आहे. तुमच्या घरात ते तुमच्याशिवाय कोणाला वाचता येणार नाही, आणि माझ्या घरातही माझ्याशिवाय कोणाला नाही.

छापखाना होता तिथेच आहे. ठिपके उठवणारं मशीन नवं आलं, पण दीड वर्षात त्याची एक सुई झिजली. मधूनच एखादा ठिपका अर्धवट उठतो, कधी उठतच नाही. साहेब म्हणतात, "मशीनने चुका केल्या नाहीत तर तुम्हाला पगार कशाचा देऊ?" वाचकबुवा अजूनही मूळ छापील पुस्तक डोळ्यांनी वाचतात आणि मी समोर बसून ब्रेलची कच्ची प्रत बोटांनी तपासते. बुवांचा आवाज जाड झाला आहे. बुवा स्वतः मात्र होते तसेच काडी आहेत म्हणे.

तुमचं टेबल माझ्याकडे आहे. त्याला मी आजवर कोणाला हात लावू दिलेला नाही. माझ्या जुन्या जागेवर चार वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. आपल्यासारखेच, जन्मापासून न दिसणारे. आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, म्हणून आम्ही त्यांना ऑपरेटरच म्हणतो. बोट फार चांगलं आहे, पण माणूस इतका नम्र की चूक सापडली तरी म्हणतात, "माफ करा, इथे एक ठिपका उपलब्ध नाही." तुम्ही असतात तर दोन दिवसांत त्यांची नम्रता उतरवली असती.

सध्या नववीचं गणित चालू आहे, सहा खंड. वेग वाढावा म्हणून पद्धतीत थोडासा बदल केला आहे. आता बुवा आधी वाचतात आणि मी मागून बोट फिरवते. काम बरंच लवकर उरकतं.

लिहिण्याचं कारण असं. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, बोटांनी वाचणाऱ्या. गेले काही महिने त्यांच्या दोन्ही हातांना मुंग्या येतात. सकाळी उठलं की हात झटकत बसावं लागतं. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट बधिर झाल्यासारखी वाटतात. तुम्हाला कधी असं झालं होतं का आणि डॉक्टरांनी काय कारण सांगितलं होतं, एवढंच त्यांना हवं आहे. मी म्हटलं, विचारून बघते.

रागावला असाल तर उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

तुमची,
तुमच्या चौदा चुका काढणारी

२१ जून

बाई,

तुमचं उत्तर तीन ओळींचं. तेवढं वाचायला मला अर्धा तास लागला, यातच काय ते समजा.

"आधी बोट, मग कान. हा नियम कोणी मोडला? आणि ती ओळखीची बाई उंचीने केवढी आहे?"

उंची कशाला हवी आहे ते मला कळलेलं नाही. पण पहिल्या प्रश्नाने मी पकडली गेले. त्या बदलाचं मी किती सहज, येता-जाता सांगितल्यासारखं लिहिलं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. हो, ती बाई मीच.

तुमचा नियम मी विसरलेली नाही. पहिल्या दिवशी बुवांनी मला पाहून दयेने एक ओळ आधी वाचली, तर तुम्ही त्यांना केवढं झापलंत. "कान लाघवी असतो. त्याने ऐकलं की बोट हो ला हो करतं. आधी तिचं बोट बोलेल, मग तुम्ही." आणि मग मला म्हणालात, "छापील पुस्तकात चूक असली तर डोळस मूल शेजारच्या मुलाच्या पुस्तकात डोकावतं. आपल्या मुलाला शेजारी नसतो. उत्तर जुळलं नाही की ते स्वतःलाच मठ्ठ ठरवतं, आणि तसंच मोठं होतं." मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. तुम्ही नुसता तळहात फिरवून सांगायचात की या पानावर मशीन गरम झालं होतं. मला तुमचा हेवा वाटायचा, बाई. खूप वाटायचा.

आता मुंग्यांचं. घरोघरी वेगळं कारण मिळतं. आमचे हे म्हणतात, तू हात उशीखाली घालून झोपतेस. शेजारीण म्हणते, गार पाण्यात भांडी घासतेस. बुवा म्हणतात, रक्त पोचत नाही, हात वर करून बसा. तसं पाच मिनिटं बसले तर साहेबांनी विचारलं, कोणाला शरण जाताय? ऑपरेटर तेवढे म्हणाले, "लाइन मध्येच कुठेतरी दबली असेल. पुष्कळदा दोन्ही टोकांचे फोन ठीक असतात."

नसांच्या डॉक्टर बाई आहेत एक, शेवटी त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी पायांचं विचारलं. बोटांच्या आधी पायांना मुंग्या येत होत्या का? येत असतील तर साखर असू शकते. मग थायरॉइड, मग बी-ट्वेल्व्ह, मग मानेतली नस. दारू पिता का, हेही विचारलं. हे शेजारी बसले होते, ते एवढे खूश होऊन हसले की मला लाज वाटली. रक्त घेतलं, मान वाकवली, सगळं ठीक निघालं. मग त्यांनी माझ्या मनगटावर एका बोटाने टकटक केलं आणि बोटांच्या टोकापर्यंत झिणझिण्या गेल्या. नंतर बारीक झटके देणाऱ्या मशीनवर तपासणी झाली. मनगटात म्हणे एक अरुंद बोगदा असतो आणि त्यातून जाणारी नस दबली आहे. उजवीकडे जास्त. करंगळीला काही झालेलं नाही, कारण तिची नस वेगळ्या वाटेने जाते.

पण कशाने दबली, ते त्यांनाही कळत नाही. हातोडी चालवता का, विणकाम करता का, असं विचारलं. मी सांगितलं, वाचते. त्या म्हणाल्या, वाचायला तर हलका हात लागतो. रात्री बांधायला पट्टे दिले आहेत. उजव्या हाताचं ऑपरेशन करावं लागेल असं वाटतं.

काम मात्र व्यवस्थित चालू आहे. तिसरा खंड परवाच पास केला. माझी उंची चार फूट अकरा.

तुमची,
मीच

९ जुलै

बाई,

तुमचं सात पानी पत्र मी दोन रविवार वाचत होते. करंगळीने. तिने जन्मात कधी अक्षर गिरवलेलं नव्हतं, पहिलीतल्या पोरीसारखी अडखळते. पण डॉक्टरीणबाईंनी ती शाबूत आहे म्हटल्यावर मी तिला कामाला लावली. वाचता वाचता मध्येच उठून दोनदा घरभर फिरून आले. हे विचारत राहिले, काय लिहिलंय एवढं? त्यांना काय सांगणार?

तुमचं पायांपासून सुरू झालं. साखर. दोन वर्षं कोणाला सांगितलं नाहीत आणि मग हात. एकदा तुम्ही एकाच पायात चप्पल घालून ऑफिसात आलात, दुसरी रस्त्यात कुठे गळून पडली ते तुम्हाला कळलंच नव्हतं. आम्ही दिवसभर हसलो होतो. सगळ्यात मोठ्याने मी. तुम्हीही हसलात आणि बुवांना म्हणालात, "एका चपलेने येऊन पाहिलं, जमतंय." बाई, मला त्याची माफी मागायची आहे. इतक्या वर्षांनी मागते आहे, तरी घ्या.

आणि तुम्ही आता ओठाने वाचता. ते वाचताना करंगळी तिथल्या तिथे थांबली. मला वाटलं, तिचीच चूक होते आहे. म्हणून तीच ओळ तीनदा वाचली. एकसष्टाव्या वर्षी, कोणी शिकवणारं नसताना, कागद तोंडाशी धरून खालच्या ओठाने एकेक ठिपका शोधत गेलात. पहिलं पान वाचायला चार महिने लागले. भाची म्हणते, "आत्या कागदाचे पापे घेते." आणि तुम्ही तिला म्हणता, पुस्तक चांगलं असेल तर घ्यावेत. मी इथे हात दुखतात म्हणून तीन महिने तोंड पाडून बसले होते. तुमच्यासारखी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि हे तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून लिहून ठेवते.

आता टेबल. तुम्ही लिहिता, "ते माझ्या मापाने केलेलं आहे. मी पाच फूट नऊ. माझे हात त्यावर वरून यायचे. तू जेमतेम माझ्या खांद्याला लागायचीस. तुझे हात खालून चढत असतील आणि मनगटं कडेवर दाबली जात असतील. किती तास बसतेस?" आठ तास, बाई. नऊ वर्षं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर पहिल्यांदा नीट लक्ष दिलं. कड बरोबर मनगटाखाली येते. दोन्ही मनगटांवर घट्ट्याची आडवी रेघ आहे. ह्यांना दाखवली तर म्हणाले, मला वाटायचं ती बांगडीची आहे. डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं. कोणी शोधलं?" मी म्हटलं, शेकडो मैलांवर बसलेल्या माझ्या बाईंनी, फक्त उंची विचारून. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

ऑपरेशन महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आहे. मुंग्या जातील म्हणाल्या. बोटाला पूर्वीसारखं बारीक कळेल का, ते सांगता येत नाही. पुष्कळ दिवस नस दबलेली राहिली आहे.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं होतं. काम व्यवस्थित चाललेलं नाही. बोटं गेली म्हणूनच मी पद्धत बदलली. बुवा "आठ" म्हणतात आणि माझ्या बोटाला आठ लागतो. खरोखर लागतो, मी ढोंग करत नव्हते. तुम्ही म्हणायचात तसंच, बोट हो ला हो करत होतं. करंगळी थोडी चालायला लागल्यावर मी तिसऱ्या खंडाचं एक पान घरी आणलं. बुवा नाहीत, आवाज नाही. एका पानाला दीड तास लागला. आठातला एक ठिपका उठलेलाच नव्हता, तिथे पाच झाला होता. खाली चाराचा तीन. एका पानात दोन, आणि खंडाची पानं ब्याण्णव. त्या पानावर मी पास म्हणून माझी खूण केलेली आहे.

एकतीस तारखेला तो छापायला जातो. कोणाला काही सांगितलेलं नाही. पगार जाईल याची भीती आहेच. पण त्याहून जास्त भीती याची वाटते की मला दुसरं काहीच येत नाही. वाचता येतं म्हणून मी कोणीतरी आहे. ते गेलं की मी नुसती चार फूट अकरा.

मला ओरडून काही लिहिणार असाल तर लिहा. तुमचं ओरडणं मला चालतं.

तुमची,
मी

२५ जुलै

बाई,

तुमचं उत्तर आलं नाही. आता त्याची गरजही उरलेली नाही, कारण साहेबांकडून सगळं कळलं.

सोमवारी मी त्यांच्या खोलीत गेले, ती खंडाचं सांगायला. तिथे पोचल्यावर भलतंच बोलले. म्हटलं, टेबलाचे पाय कापून मिळतील का?  साहेब म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षांनी परवानगी मिळाली म्हणायची."

"कसली परवानगी?"

"बाई जाताना मला सांगून गेल्या होत्या. ती बसायला लागली की पाय चार बोटं कापून घ्या, नाहीतर पोरगी हात घालवून बसेल. सुतार आला होता. तुम्हीच त्याला हाकललात."

मला आठवलं. करवतीचा आवाज सुरू व्हायच्या आत मी ओरडले होते की बाईंच्या टेबलाला करवत लागणार नाही. मला वाटलं होतं, मी तुमचा मान ठेवते आहे. खरं सांगायचं तर तुमच्या टेबलावर, तुमच्या उंचीवर बसायचा मला माज होता. हात माझे मीच घालवले.

मग मी साहेबांना म्हटलं, त्यांनी पास केलेला गठ्ठा चुकून माझ्या टेबलावर आला, त्यातल्या चौदा चुका तुमच्याकडे आणून मी त्यांना घालवलं आणि वर त्यांनी माझ्या हातांची काळजी केली? साहेब म्हणाले, "तुम्ही घालवलंत? तो गठ्ठा तुमच्या टेबलावर चुकून आला असं अजून समजता की काय?"

बाई, तुम्ही तो स्वतः आणून ठेवला होता. साहेबांनी तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "माझी बोटं गेलीत की मला नुसता भास होतोय, हे मला कळायला हवं. बुवा मला सांभाळून घेतात, तुम्हीही घेता. ही पोरगी सांभाळून घेणार नाही. तिने पकडल्या तर टेबल तिचं." आणि मला काही कळू द्यायचं नाही अशी शपथ घातलीत. "तिला वाटू दे की तिनेच पकडल्या. पकडणारा एकदा भ्याला की संपलं."

नऊ वर्षं मी समजत होते की मी कानामागून आले आणि तिखट झाले. तुम्ही निरोप न घेता गेलात तो रागाने, म्हणून पत्र लिहायची हिंमत केली नाही. सुरुवातीला मला तुमचा रागच आला. मग रडू आलं. साहेबांनी पाण्याचा पेला हातात दिला आणि उगाच कपाट आवरत बसले.

खंडाचं मी त्यांना तरीही सांगितलं नाही. "काही चुका असाव्यात" एवढंच सांगता आलं असतं. किती आणि कुठे, ते माझ्या बोटांना माहीतच नव्हतं. ते चांगल्या बोटांनीच सांगायला हवं होतं.

बाहेर आले आणि ब्याण्णव पानं उचलून ऑपरेटरांच्या टेबलावर ठेवली. तुमच्यासारखं गुपचूप मला जमलं नाही. म्हटलं, "जुन्या नियमाने तपासा. आधी तुमचं बोट, मग बुवा. सापडेल ते मला सांगायचं नाही, साहेबांना सांगायचं." ते म्हणाले, "पण यावर तुमची खूण आहे." मी म्हटलं, "म्हणूनच."

तीन दिवस मी माझ्या जागेवर बसून ऐकत होते. ऑपरेटर बोलायचे, मग बुवा बोलायचे. आधी बुवांचा आवाज लगेच यायचा. नंतर नंतर ते थांबायला लागले, खाकरायला लागले. एकदा ऑपरेटर "पाच" म्हणाले आणि बुवांनी मूळ प्रतीतला "आठ" इतका हळू म्हटला की मला कळलं, तेही मला सांभाळून घेत होते. बिचारे.

आज दुपारी ऑपरेटर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"बाई, एक विनंती होती. हे आधी तुम्हालाच कळवलं तर चालणार नाही का? आपण दोघं मिळून दुरुस्त करू. बाहेर जायची गरज नाही."

बाई, मला हो म्हणायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि माझी मूठ ते झाकायला तयार होते. गुरुवारी ऑपरेशन, महिनाभर रजा, परत आले की कोणाला पत्ता नाही.

मी विचारलं, "किती?"

"जरा गर्दी आहे."

"ऑपरेटर, किती?"

"एकतीस. आणि एक संशयास्पद."

"मग संशयास्पदसुद्धा सांगा. जा."

"पण पुढच्या खंडांचं काय? आधीच्या दोन खंडांचं काय, असंही साहेब विचारतील."

"विचारू दे. तेही तुम्हालाच बघावं लागणार आहेत. माझ्या बोटाला आता आठ आणि पाच सारखेच लागतात, हे त्यांना माझ्या नावानिशी सांगा."

ते हलले नाहीत. बुवांनी पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग ऑपरेटर म्हणाले, "तुमच्या बाबतीत हे करायला मला आवडत नाहीये." त्या आवाजात एक्स्चेंजची नम्रता नव्हती, नुसता माणूस होता. मी म्हटलं, "आवडायला नकोच. तरी जायचं."

मग त्यांची काठी निघाली. माझ्या टेबलापासून साहेबांच्या दारापर्यंत सतरा पावलं आहेत, ती मला पाठ आहेत, कारण चौदा चुका हातात घेऊन मी याच टेबलाजवळून तीच चालले होते. मी तेव्हा चवड्यांवर चालले होते, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. तुम्हाला ऐकू गेलंच असणार. तुम्ही इथे बसून माझं प्रत्येक पाऊल मोजत असणार आणि मध्येच मी थांबले तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, भ्याली की काय.

ऑपरेटरही मध्येच थांबले. मी मनात म्हणत होते, जा, मागे फिरू नका, जा.

त्यांनी दार वाजवलं.

तुमची,
मी